सीबीनॅट (टीबीचा जंतू शोधणारी जनुकीय तपासणी) निगेटिव्ह, तरी मेंदूच्या टीबीची औषधं सुरू. घरच्यांना काय सांगायचं?

सीएचओ_जत

मी उपकेंद्रातली आरोग्य अधिकारी (सीएचओ). मिरजेत भरती असलेल्या एका पेशंटच्या घरच्यांना नीट उत्तर द्यायचं आहे. वय ३५ च्या आसपास, मेंढपाळ कुटुंब. ३ आठवडे ताप आणि डोकेदुखी, मग उलट्या, शेवटी असंबद्ध बोलणं. पाठीतलं पाणी (कण्यातून सुईने काढलेलं मेंदूभोवतीचं पाणी) स्वच्छ दिसत होतं. पेशी १८०, त्यांतल्या ८० टक्के लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), प्रोटीन १६०, पाण्यातली साखर ३२, त्याच वेळी रक्तातली ११०. एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम) ९. एचआयव्ही निगेटिव्ह, छातीचा एक्स-रे साफ. एमआरआयमध्ये मेंदूच्या तळाशी आवरणाला सूज आणि मेंदूत थोडं पाणी साचलेलं. सीबीनॅट निगेटिव्ह.

तरी टीबीची चार औषधं आणि डेक्सा (सूज उतरवणारं स्टिरॉइड) सुरू केलंय. सोबत सेफ्ट्रायॅक्झोन आणि डॉक्सी ही दोन अँटिबायोटिक्स. घरचे म्हणतात, "रिपोर्टात टीबी नाही, मग वर्षभराचा कोर्स कशाला?" दुसरीकडे ४ दिवसांत ताप उतरला, तर त्यांचाच एक भाऊ म्हणतो, "बघा, टीबीच होता." खात्री नसताना डॉक्टर औषध नेमकं कशाच्या आधारावर सुरू करतात, आणि कधी थांबवतात?

फिजिशियन_मिरज

ताई, आधी निगेटिव्ह रिपोर्टचं वजन किती ते पाहू. पाठीतल्या पाण्यावर सीबीनॅट केलं तर कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) सिद्ध होणाऱ्या १०० पेशंटांतले साधारण ७० सापडतात. आता समजा, याच्यासारखीच लक्षणं आणि असंच पाणी असलेले १०० जण आहेत आणि तपासणीआधी त्यांतल्या ६० जणांना टीबी असावा असा अंदाज आहे. सीबीनॅट ४२ जण पकडेल, १८ सुटतील. टीबी नसलेले ४० जण निगेटिव्हच येतील. म्हणजे ५८ निगेटिव्ह, आणि त्यांतले १८ टीबीचे. निगेटिव्ह रिपोर्ट हातात असूनही जवळपास तिघांत एकाला टीबी आहे. घरच्यांना हा हिशोब कागदावर मांडून दाखवा, लगेच कळतो.

पुढचा प्रश्न असा की एवढ्या शक्यतेवर औषध द्यायचं का. १९८० मध्ये पॉकर आणि कासिरर या डॉक्टरांनी याची रीत मांडली. आजाराची शक्यता एका रेषेखाली असेल तर औषधही नको आणि तपासणीही नको. दुसऱ्या रेषेवर असेल तर तपासणीची वाट न पाहता औषध. मधल्या पट्ट्यात असेल तर तपासणी करून ठरवायचं. या रेषा कुठे आखायच्या ते दोन्ही बाजूंच्या नुकसानीवर ठरतं. मेंदूचा टीबी औषधाविना सोडला तर पेशंट बहुधा वाचत नाही, आणि उशिरा सुरू केलं तर वाचलेल्यालाही पक्षाघात, आंधळेपण राहू शकतं. औषधांचं मोठं नुकसान यकृताला होतं, पण रक्त तपासत राहिलं तर ते लवकर कळतं आणि बहुतेक वेळा भरून येतं. त्यामुळे इथे औषध सुरू करायची रेषा फार खाली येते. तिघांत एक ही शक्यता तिच्या बरीच वर आहे.

अंदाज हवेतला नसतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली एक गुणपद्धत आहे, मूळ संशोधनासाठी केलेली, पण विचार करायला उपयोगी. ५ दिवसांपेक्षा जास्त लक्षणं ४ गुण, शुद्ध बिघडणं १. पाठीतल्या पाण्याचे जास्तीत जास्त ४, ते याला पूर्ण मिळतात. मेंदूच्या तळाची सूज २, पाणी साचणं १. एकूण १२. स्कॅन झालेला असेल तर १२ किंवा जास्त म्हणजे 'बहुधा टीबी', अर्थात तसे दिसणारे बाकीचे आजार वगळल्यावर.

लॅब_विश्रामबाग

लॅबच्या बाजूने भर घालते. सीबीनॅट निगेटिव्ह येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पाणी कमी पाठवणं. १ मिली पाण्यात जंतू असेलच असं नाही. टीबीच्या तपासणीसाठी निदान ६ मिली हवं, ८ ते १० मिळालं तर उत्तम, आणि सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात जोरात फिरवून) तळाच्या गाळावर तपासणी करायची. मोठ्या माणसात एवढं पाणी सुरक्षितपणे काढता येतं. पहिल्या वेळी कमी पाठवलं असेल तर पुन्हा काढायला सांगा. औषधं सुरू झाल्यावरही पहिल्या काही दिवसांत जंतू सापडू शकतो. कल्चर लावलंय का तेही विचारा. त्याला ६ आठवड्यांपर्यंत लागतात, आणि तेही निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असं होत नाही.

एडीए ९ वर फार भर देऊ नका. तो इतर जंतूंच्या मेंदूज्वरातही वाढतो.

संसर्गरोग_कराड

औषध सुरू केलं ते बरोबरच. पण 'टीबी' हा शिक्का एवढ्यात पक्का करू नका. ४ दिवसांत ताप उतरला यातून काहीच सिद्ध होत नाही. डेक्साने कोणाचाही ताप उतरतो.

मेंढपाळ कुटुंब वाचल्यावर माझ्या डोक्यात आधी ब्रुसेला (जनावरांकडून माणसाला होणारा जंतुसंसर्ग) आला. गाभडलेल्या शेळ्यामेंढ्यांचा वार हाताळणं, विताना मदत करणं, कच्चं दूध पिणं यांतून तो होतो, आणि मेंदूत गेला तर पाठीतलं पाणी टीबीसारखंच दिसतं. खरी अडचण पुढे आहे. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन ब्रुसेलावरही चालतं, सेफ्ट्रायॅक्झोन आणि डॉक्सीही चालतात. पेशंट बरा दिसतो, सगळे टीबी धरून चालतात, काही दिवसांनी डॉक्सी आणि सेफ्ट्रायॅक्झोन बंद होतात, आणि अर्धवट दाबलेला आजार पुन्हा वर येतो. त्यामुळे ती दोन्ही बंद करण्याआधी रक्त आणि पाठीतलं पाणी या दोन्हींवर ब्रुसेलाची ॲग्लुटिनेशन (अँटिबॉडी शोधणारी) तपासणी व्हायला हवी. कल्चर पाठवलं तर लॅबला आधी कळवा, लॅबमध्ये काम करणाऱ्यांना या जंतूची लागण होते.

असाच दिसू शकणारा दुसरा आजार स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप). त्यासाठी काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली काळी खपली आहे का ते पाहायचं. क्रिप्टोकॉकस या बुरशीची अँटिजेन तपासणी एचआयव्ही निगेटिव्ह असला तरी करून घ्यावी.

फिजिशियन_मिरज

कराडच्या डॉक्टरांशी पूर्ण सहमत. डॉक्सी सुरुवातीला देतात ते याच विचाराने, पण ते थांबवताना ब्रुसेलाची तपासणी राहून जाते.

टीबीची औषधं थांबवतात ती दुसरा आजार सिद्ध झाला तर. आणखी एक खूण आहे. टीबीत पाठीतलं पाणी सुधारायला आठवडे, कधी महिने लागतात. दोन आठवड्यांत पेशी, प्रोटीन, साखर सगळं नॉर्मल झालं तर टीबीचं निदान पुन्हा तपासायला घ्यायचं, तो व्हायरल असू शकतो. उलट, औषधं चालू असताना तब्येत बिघडली म्हणजे निदान चुकलंच असं नाही. टीबीत मेंदूतलं पाणी वाढतं, गाठी फुगतात, रक्तवाहिनी बंद पडते, सोडियम उतरतं. आधी स्कॅन आणि सोडियम, मग औषधाला न जुमानणाऱ्या टीबीचा विचार.

एसटीएस_कवठेमहांकाळ

सरकारी टीबी कार्यक्रमाच्या बाजूने एक गैरसमज दूर करायला हवा. रिपोर्ट पॉझिटिव्ह नसेल तर सरकारी औषध मिळत नाही असं लोकांना वाटतं. डॉक्टरांनी लक्षणं आणि तपासण्या पाहून केलेलं निदानही निक्षयवर (सरकारच्या टीबी पोर्टलवर) नोंदवता येतं, औषध मोफत मिळतं आणि पोषणाचे महिन्याला १००० रुपये खात्यावर येतात. बँक पासबुक आणि आधार तयार ठेवायला सांगा.

गोळ्या वजनावर ठरतात. चार औषधांची एकत्र गोळी ३५ ते ४९ किलोला रोज ३, ५० ते ६४ ला ४. मेंदूच्या टीबीत पहिले २ महिने चार औषधं, पुढे किमान १० महिने तीन. पेशंट सावरला की वजन वाढतं आणि डोस जुनाच राहतो, म्हणून दर महिन्याला वजन करा.

सीएचओ_जत

खूप मदत झाली. ब्रुसेलाचं वॉर्डात आजच विचारते. घरी आल्यावर कावीळ दिसली तर गोळ्या आम्ही बंद करायच्या का?

फिजिशियन_मिरज

डोळे पिवळे दिसले, किंवा मळमळ होऊन अन्न नको झालं, तर त्या दिवशीच्या टीबीच्या गोळ्या थांबवा आणि त्याच दिवशी मिरजेला पाठवा. एएलटी (यकृताची रक्ततपासणी) त्रास असताना नॉर्मलच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट किंवा त्रास नसताना पाचपट झालं तर यकृताला जड औषधं बंद होतात. पण मेंदूच्या टीबीत पेशंटला औषधाविना ठेवत नाहीत, त्या काळात इथॅम्ब्युटॉल, लिव्होफ्लॉक्सासिन आणि इंजेक्शन देऊन धरतात. म्हणून गोळ्या बंद करून घरी बसू द्यायचं नाही.

आणि डेक्साकडे लक्ष ठेवा. शुद्ध बिघडलेल्या पेशंटला पहिल्या आठवड्यात किलोमागे ०.४ मिग्रॅ रोज, म्हणजे ५० किलोला २० मिग्रॅ. मग एकेक आठवडा किलोमागे रोज ०.३, ०.२, ०.१, आणि पुढचे ४ आठवडे तोंडाने रोज ४ मिग्रॅपासून दर आठवड्याला १ ने कमी. एकूण ८ आठवडे. २००४ च्या व्हिएतनाममधल्या चाचणीत यामुळे मृत्यू ४१ टक्क्यांवरून ३२ वर आले होते. घोळ डिस्चार्जनंतर होतो. टीबीच्या गोळ्या केंद्रातून येतात, डेक्सा मेडिकलमधून घ्यावं लागतं, ते संपतं आणि कोणी आणत नाही. एकदम तुटलं तर मेंदूची सूज परत येते आणि बीपी कोसळू शकतं. डिस्चार्ज कार्डावर प्रत्येक आठवड्याचा डोस तारखेसह लिहून घ्या, आणि गोळ्या शेवटच्या तारखेपर्यंत पुरतात का ते घरी मोजून बघा.