'अंगवळणी पडणे' की 'अनुकूलन'? आणि मुळात 'ताण' की 'तणाव'?

बोरूटाक
आशाताईंसाठी एक आरोग्यपुस्तिका मराठीत करतोय. एका वाक्यावर दोन दिवस अडलोय. आशय असा : स्ट्रेस आला की शरीर आधी खडबडून जागं होतं, मग त्याच्याशी जमवून घेतं आणि फार दिवस चाललं तर थकतं. मधल्या पायरीला मी 'ताण अंगवळणी पडतो' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी खोडून 'शरीराचे तणावाप्रती अनुकूलन होते' केलं. ते 'तणावाप्रती' वाचूनच घशाला कोरड पडली. बाई म्हणतात, अंगवळणी काम पडतं, ताण कसा पडेल? काय करू?

खडूफळा
बाईंचा आक्षेप बरोबर, उपाय चूक. तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. अनुकूलन म्हटलं की पोरं निवडुंगाचे काटे आणि उंटाचे पाय लिहितात, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. एकाच माणसाचं शरीर चार-आठ दिवसांत करतं ते निराळं. लेहला (सुमारे ३,५०० मीटर) पहिल्या दिवशी हॉटेलचा एक जिना चढताना मी दोनदा बसलो. आठवड्याने तोच जिना बोलत बोलत चढलो. त्याला आपण 'सरावणे' म्हणतो, किंवा 'हवा मानवली'. 'मानवणे' किती सुंदर शब्द आहे, कुणी वापरत नाही.

ऱ्हस्वदीर्घ
आधी 'तणाव' काढा. हिंदी 'तनाव'ला ण लावून वर्तमानपत्रांनी तो आपल्या माथी मारला. मराठीत 'ताण' आहे, सरळ 'तन्' धातूपासून. 'ताणतणाव' तर लेडीज बायका म्हटल्यासारखं.

जुनी दप्तरं
अहो, जरा दमानं. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश उघडा. 'तणावा' आहे त्यात : तंबूचा दोर, फारसी 'तनाब'वरून. मांडवाचे तणावे बांधणारी माणसं वर्तमानपत्रं वाचत नव्हती.

ऱ्हस्वदीर्घ
दोर वेगळा, मनःस्थिती वेगळी. दोराचा पुरावा देऊन हिंदीची उसनवारी धुऊन निघत नाही.

जुनी दप्तरं
आणि 'ताण' काय जन्मतःच मनाचा होता? तोही आधी दोराचाच.

लोखंडी
(इंजिनिअर, क्षमस्व.) घोळ मूळ शब्दातच आहे. 'स्ट्रेस' आमच्याकडून उचललेला. आमच्या परिभाषेत तो 'प्रतिबल', आणि त्याने वस्तूचा आकार बदलतो ती 'विकृती', म्हणजे स्ट्रेन. १९३६ साली माँट्रियलमध्ये हान्स सेलिये हा संशोधक उंदरांना थंडी, दमवणूक, निरनिराळी औषधं असं काय काय देऊन पाहत होता. छळ कुठलाही असो, आत सापडायचं तेच : मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी सुजलेल्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली, जठरात व्रण. बोरूटाक, तुमच्या तीन पायऱ्या त्याच्याच. पण स्ट्रेस हे कारण की परिणाम, हे शब्दात ठरलंच नाही. 'स्ट्रेन' म्हणायला हवं होतं, असं पुढे त्यानेच कबूल केलं. तोवर फ्रेंच-जर्मनांनीही 'स्ट्रेस' जसाच्या तसा घेतला होता. आपणच कशाला झुरतोय?

ऱ्हस्वदीर्घ
फ्रेंचांनी विहिरीत उडी मारली म्हणून...

वॉर्ड नंबर तीन
सगळे कोशात शिरलात. मी नर्स आहे. मागे ओपीडीत एका मावशींना विचारलं, "कसला ताण आहे का?" म्हणाल्या, "नाही गं बाई, ताण कसला." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत सांगायला लागल्या : पहाटे तीनला डोळा उघडतो, छातीत धडधडतं, दोन घास जात नाहीत, पोरगं गेल्यापासून धसका घेतलाय. आता सांगा, कार्डावर काय लिहू?

आपल्या बायकांना शरीरातलं सगळं ठाऊक असतं. 'तोंडचं पाणी पळालं' हे अक्षरशः खरं आहे, अशा वेळी लाळ कमी होते. 'पांढराफटक पडला', कारण कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त स्नायूंकडे वळतं. अंगावर काटा, पोटात गोळा, पाचावर धारण... पुस्तिकेत हे घाला की.

जुनी दप्तरं
'पाचावर धारण' शरीराची नव्हे हो. धारण म्हणजे धान्याचा भाव. दुष्काळात रुपयाला पाच शेरांवर भाव आला की लोकांची घाबरगुंडी.

खडूफळा
आमचे गुरुजी पाच प्राण सांगत. श्वास अडकतो म्हणून.

संत्राबहार
मी वरूडकडचा, संत्र्याच्या बागांतला. आमच्याकडे 'ताण' रोजचा शब्द, पण झाडाचा. मृग बहारासाठी एप्रिल-मेमध्ये बागेचं पाणी तोडतो. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. झाड वाढ थांबवून आत साठवण करतं. पाऊस पडला की ताण तुटतो आणि फूल येतं. हलक्या जमिनीत थोडे दिवस पुरतात, भारी काळ्या जमिनीत जास्त लागतात. बाबा म्हणत, "लय ताण देशीन त फळ नाही, लाकूड भेटन." म्हणून 'ताण'च ठेवा. तो देता येतो, मोजता येतो आणि मुख्य म्हणजे तोडता येतो. 'तणाव' कोणी तोडत नाही, तो नुसता असतो.

ऱ्हस्वदीर्घ
हे मात्र आवडलं. लिहून ठेवलं.

वॉर्ड नंबर तीन
झाडाचं ठीक. पण मावशींचं पाणी कोणी ठरवून तोडलेलं नव्हतं. तिथे 'सरावली' म्हटलं तर खोटं होतं. दोन वर्षांत बीपी वाढलं, साखर वाढली. बाहेरून शांत, आत झीज. तुमच्या तिसऱ्या पायरीला 'थकतं'ऐवजी 'झिजतं' लिहा.

बोरूटाक
'झिजतं' घेतलं. मधल्या पायरीला 'शरीर सरावतं' लिहून पाठवलं होतं. आत्ताच उत्तर आलं : "सरावतं म्हणजे प्रॅक्टिस करतं असं वाटेल. अनुकूलनच राहू द्या. तणावऐवजी स्ट्रेस चालेल, आशाताई टेन्शनच म्हणतात." छपाई सोमवारी आहे.

ऱ्हस्वदीर्घ
'स्ट्रेसचे अनुकूलन'!! पुस्तिकेची एक प्रत मला पाठवा, फाडायला.

जुनी दप्तरं
खडूफळा, पाच प्राणांवर 'धारण' बसते म्हणजे नक्की काय होतं? 'बसते' हे क्रियापद भावालाच लागतं, श्वासाला नाही.

खडूफळा
दातखीळ बसते ना? मग?