स्प्लेंडरला पॅशन प्रोचं इंजिन बसवलं, आता स्लो (एक्सलेटर सोडल्यावरचा इंजिनाचा वेग) खालीच येत नाही. काय बघू?

कोरेगावकर
नमस्कार मंडळी. वडिलांची २००३ ची हिरो होंडा स्प्लेंडर आहे, एमएच ११. हेडमधून (इंजिनाच्या वरच्या भागातून) ऑइल गळत होतं, चालता चालता इंजिन जाम झालं. आमच्या मेकॅनिकने २०११ च्या पॅशन प्रोचं जुनं इंजिन आणून बसवलं. दोन्ही ९७.२ सीसी, माउंटिंगला काहीच अडचण आली नाही. कार्बोरेटर माझ्या स्प्लेंडरचाच आहे. कार्बोरेटर आणि हेडमधला इनटेक पाईप मात्र पॅशनच्या इंजिनासोबत आलेला, तोच ठेवलाय.

त्रास असा की सकाळी थंड असताना गाडी बरी असते. दोन-चार किलोमीटर गेलं की न्यूट्रलला आपोआप रेस होते. स्लो स्क्रू पूर्ण बाहेर काढला तरी फरक नाही. एक्सलेटर सोडला की आवाज लगेच उतरत नाही, वरच लटकून राहतो. सायलेन्सरमधून फटफट आवाजही येतो. यवतेश्वरचा घाट उतरताना तिसऱ्या गिअरला गाडी धरत नाही, सगळा भार ब्रेकवर. मागे आई बसलेली असते, म्हणून काळजी वाटते.

मेकॅनिक म्हणतो चालवून चालवून बसेल. मला ते पटत नाही. बजेट दीड हजार. कृपया नवीन गाडी सुचवू नका.

वारणाकाठ
भावा, वीस वर्षं जुन्या गाडीत पैसे घालू नकोस. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम आला, बहुतेक गाड्या इंजेक्शनच्या झाल्या. मी नवीन स्प्लेंडर घेतली, तेव्हापासून स्लो स्क्रू हा विषयच संपला. किक मारायची गरज नाही, चोक नाही. ही विकून टाक आणि हप्त्यावर घे. मायलेज बघशील तर खूश होशील.

टॅपेट
कार्बोरेटर बदल. माझ्या सीडी डॉनला अगदी हेच झालं होतं. स्लो स्क्रूला दाद देत नव्हती. तीन गॅरेज फिरलो, कुणी टॅपेट सेट केले, कुणी प्लग बदलला. शेवटी नवा कार्बोरेटर घातला, त्या दिवसापासून आजतागायत गाडीला हात लावला नाही. ओरिजिनलच घे, डुप्लिकेटच्या नादाला लागू नको. बजेटच्या थोडं वर जाईल, पण एकदाच जाईल.

हरिपूर रोड
कार्बोरेटर साफ करून घे आधी. स्लो जेटमध्ये कचरा असणार.

तासगावचा_द्राक्षवाला
सातारा उंचावर आहे, त्यात तू कासच्या बाजूला जातोस. वर हवा बदलते म्हणून स्लो वाढतो. आमच्याकडे सपाटीला असं कधी होत नाही.

विटा गॅरेज
द्राक्षवाले दादा, उलटं आहे. उंचीवर हवा विरळ होते, म्हणजे त्याच जेटमधून आलेल्या पेट्रोलला हवा कमी पडते. मिक्श्चर रिच होऊन गाडी गुदमरते, स्लो पडतो. वाढत नाही. आणि यांची गाडी कोरेगावातही रेस होतेच की.

कोरेगावकर, खर्चाच्या आधी फुकटात होणाऱ्या गोष्टी करा. गाडी गरम करून सेंटर स्टँडवर लावा, चालू ठेवा, हँडल पूर्ण डावीकडे वळवा, मग पूर्ण उजवीकडे. आवाज वाढला तर एक्सलेटरची केबल ताणली जातेय. इंजिन बदलताना केबल टाकीखालून चुकीच्या बाजूने गेली की असं होतं. मुठीला २ ते ६ मिलिमीटर ढील हवी. मग चोकची दांडी पूर्ण बंद बसते का ते बघा.

त्यानंतर कार्बोरेटरचं झाकण काढून आतली स्लाईड बघा. स्लाईडला एका बाजूला खालून तिरका काप असतो, तो एअर फिल्टरच्या दिशेला हवा. लांब खाच बॉडीतल्या पिनेवर बसली पाहिजे. उलटी बसवली तर स्लो स्क्रू कितीही फिरवा, काही उपयोग नाही. पण तुमची गाडी थंड असताना बरी आणि गरम झाल्यावर रेस, शिवाय आवाज लटकतो, यावरून मला वाटतं की कुठूनतरी ती जादा हवा घेतेय.

टॅपेट
हवा घेतेय म्हणजे कार्बोरेटरच झिजलाय. स्लाईड सैल झाली की बाजूने हवा घेते. मी तेच म्हणतोय. बदला.

हरिपूर रोड
कार्बोरेटर साफ करून झाला का?

शिराळा एक्सप्रेस
हवेची गळती बघायची सोपी पद्धत सांगतो. चालू गाडीवर इनटेकच्या जोडावर थोडं पेट्रोल शिंपडायचं. आवाज बदलला की समजायचं तिथेच लीक आहे. आमच्याकडे सगळे मेकॅनिक असंच बघतात.

विटा गॅरेज
कृपा करून कुणी हे करू नका. इंजिन गरम, शेजारी तापलेला सायलेन्सर, वर टाकी. माझ्या डोळ्यांसमोर एकाची गाडी पेटलीय. ग्रीस वापरा. इनटेक पाईप हेडला जिथे बसतो तिथे आणि कार्बोरेटरच्या जोडावर चारी बाजूंनी जाड ग्रीस थापा, मग चालू करा. स्लो उतरला तर तिथली ओरिंग किंवा पॅकिंग गेलंय. दोन्ही वस्तू किरकोळ किमतीच्या आहेत.

प्लगही काढून बघा. टोक तांबूस-तपकिरी असेल तर ठीक. पांढरट, राखेसारखा असेल तर मिक्श्चर लीन आहे, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. तशीच फार दिवस चालवली तर पिस्टन तापून हेही इंजिन जाईल.

कराडकर काका
सगळे इंजिनाबद्दल बोलताय, आरसीचं कोण बोलणार? मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. इंजिन बदललं की मालकाने चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते. जुन्या इंजिनाची खरेदी पावती आहे का तुझ्याकडे, बाळा? मी माझी जुनी सीबीझी विकायला काढली तेव्हा ट्रान्सफर अडकलं, कारण आरसीवरचा इंजिन नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळेना. आधीच्या मालकाने बदललेलं, मला पत्ताच नाही. वर्षभर हेलपाटे घातले. अपघात झाला तर विमा कंपनीही तिथेच बोट ठेवते.

वारणाकाठ
काका, गावाकडे कोण बघतंय इंजिन नंबर. चेसीस जुळला की झालं.

कराडकर काका
कोण बघतंय म्हणता म्हणता माझं वर्ष गेलं.

माहुलीची
धागा आरटीओकडे गेला म्हणून मध्येच लिहितेय. माझ्या भावाच्या गाडीला इंजिन बदलल्यावर हेच झालं होतं, फटफटीसकट. २०१० च्या आसपास बीएस-३ आलं तेव्हाच्या गाड्यांमध्ये सायलेन्सरच्या पोर्टमध्ये ताजी हवा सोडणारा व्हॉल्व्ह असतो. तो व्हॅक्युमवर चालतो आणि त्याची बारीक नळी इनटेक पाईपवरच्या निपलला लावलेली असते. तुमची स्प्लेंडर २००३ ची, तिला ही भानगडच नाही. पाईप पॅशनचा बसवला आणि निपल उघडं राहिलं, तर त्यातून सतत हवा आत जाणार. थंड असताना मिक्श्चर रिच असतं म्हणून कळत नाही, गरम झालं की लगेच जाणवतं.

निपल बॉलपेनच्या रिफिलएवढं असतं आणि पाईपच्या खालच्या बाजूला, फ्रेमकडे तोंड करून. उभ्याने दिसत नाही, तेल-मातीचा थर बसलेला असतो. गाडी चालू ठेवून बोट खालून घाला. निपल उघडं असेल तर बोटाला ओढ लागते आणि त्याच क्षणी स्लो उतरतो. गरम इंजिनाला हात लागू देऊ नका. हेडवर जिथे तो व्हॉल्व्ह हवा सोडतो ते तोंडही व्यवस्थित बंद आहे का बघा, नाहीतर फटफट तशीच राहील.

विटा गॅरेज
ताई, अगदी बरोबर. पाईप पॅशनचा आहे हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. ग्रीसच्या आधी हेच बघा.

हरिपूर रोड
माझाही अंदाज तोच होता.

शिराळा एक्सप्रेस
तिथे एम-सीलचा गोळा लाव आणि मोकळा हो.

विटा गॅरेज
एम-सील नको. पुढे पाईप काढायची वेळ आली तर निपलच तुटेल. पेट्रोलच्या नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, त्यात घट्ट बसणारा छोटा स्क्रू आणि वर क्लिप. झालं.

कोरेगावकर
सगळ्यांचे आभार. आज दुपारी बघितलं. हँडल वळवून आवाज बदलत नव्हता, चोक ठीक, स्लाईडही सुलट. मग माहुलीच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे पाईपखाली बोट घातलं. निपल उघडंच होतं. बोटाला ओढ लागली आणि गाडी एकदम खाली येऊन बंदच पडली, कारण स्लो स्क्रू मी पूर्ण बाहेर काढून ठेवला होता. नळीचा तुकडा आणि क्लिप लावली, स्लो स्क्रू आत घेतला, एअर स्क्रू दीड आट्यावर आणून हळूहळू सेट केला. हेडकडच्या तोंडाला मेकॅनिकने नुसता बोळा कोंबला होता, तिथे पत्र्याची प्लेट आणि पॅकिंग टाकलं. फटफट गेली. प्लग पांढरा पडला होता, नवा टाकला. दीड हजारातले बरेच पैसे शिल्लक आहेत.

संध्याकाळी यवतेश्वरला जाऊन आलो. उतारावर तिसऱ्याला गाडी धरते.

टॅपेट
छान. पण कार्बोरेटर लक्षात ठेव. जुना आहे, सहा महिन्यांत त्रास देणार.

वारणाकाठ
झालं ना मग. आता किमान पाच वर्षं बघायला नको. हेच इंजिन ठेव.

विटा गॅरेज
मीही तेच म्हणेन. इंजिन चांगलं चाललंय तर हलवू नका. पावती घेऊन आरसीवर नोंद तेवढी करून घ्या.

कोरेगावकर
नाही दादा, मी जुनं इंजिनच परत बसवणार. पॅशनच्या इंजिनाची पावती मेकॅनिककडे नाही, कुठून आणलं तेही नीट सांगत नाही. असल्या इंजिनाची नोंद करायला मी आरटीओत कशाला जाऊ? वडिलांचं इंजिन पोत्यात बांधून ठेवलंय. बोअर करून नवा पिस्टन, रिंग, हेडचं काम. दीड हजारात होणार नाही हे माहीत आहे, दिवाळीपर्यंत जमवतो. ते होईपर्यंत ही गाडी आहे तशीच, तालुक्याबाहेर नेणार नाही.

वारणाकाठ
एवढ्या पैशात नवीन गाडीचं डाउन पेमेंट होईल, परत सांगतो.

कराडकर काका
बरं ठरवलंस, बाळा. नंबर जुळला की कुणाच्या दारात जायला नको.

विटा गॅरेज
ठरलंच असेल तर बोअर करण्याआधी ब्लॉक मोजून घ्या. जाम होताना किती ओरखडे पडले आहेत त्यावर ०.२५ मिलिमीटर जादा मापाचा पिस्टन पुरेल की ०.५० चा घ्यावा लागेल ते ठरतं. पिस्टन आधी विकत घ्या आणि तोच लेथवाल्याला देऊन त्याच्या मापाने बोअर करायला सांगा, उलटं करू नका. ऑइल पंप आणि हेडची ऑइलची वाट साफ केल्याशिवाय इंजिन बंद करू देऊ नका. इनटेक पाईपही स्प्लेंडरचाच बसवा.

हरिपूर रोड
आणि तेव्हा कार्बोरेटरही साफ करून घे.