शब्दचर्चा : मिनिएचर ‘कन्व्हर्ट’ करणे, व्हर्डिग्रिस, खाकी आणि तिपाई

शब्द हवे आहेत :
व्हिक्टोरियन विज्ञानकथांवरच्या युद्धखेळासाठी मी २८ मिलिमीटरचे शिपाई रंगवतो. १८८०च्या सुमाराचं ब्रिटिश पायदळ, पण सोबतीला वाफेवर चालणारी पोलादी धुडं, ईथरमधून (अवकाश व्यापून आहे असं तेव्हा मानलेल्या माध्यमातून) जाणारी जहाजं आणि मंगळावरच्या मोहिमा, असा हा खेळ. फ्रँक चॅडविक यांच्या ‘स्पेस : १८८९’ या खेळापासून (१९८८) या प्रकाराला चांगलाच आकार आला. सध्या भाचीला हे काम शिकवतोय आणि मराठीत बोलताना तीन ठिकाणी अडतोय. मिनिएचरला, म्हणजे या चिमुकल्या शिपायांना, काय म्हणायचं? एका शिपायाचं डोकं काढून दुसऱ्याचं लावणं, बंदुकीच्या जागी वाफेची नळी बसवणं, याला ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. कोश ‘धर्मांतर’ आणि ‘रूपांतर’ सुचवतात, दोन्ही जमत नाहीत. तिसरा शब्द व्हर्डिग्रिस, म्हणजे पितळेवर चढणारा हिरवट थर.

प्रतिसाद :
‘लघुचित्र’ नको, तो शब्द राजस्थानी-मुघल चित्रशैलीने कधीच घेतलाय. पण दिवाळीत ‘किल्ल्यावर चित्रं मांडली का?’ असं आपण विचारतोच की. तिथे चित्र म्हणजे मातीचा मावळा, तोफ, गवळण. भाचीशी बोलताना बिनधास्त ‘चित्रं’ म्हणा. लिहिताना मात्र ‘चित्र रंगवलं’ वाचून लोकांना कागदावरचं चित्र दिसेल, तिथे मिनिएचरच ठेवा.

कन्व्हर्जनसाठी मी ‘फेरघडण’ सुचवेन. खोक्यातले भाग सांगितल्याप्रमाणे चिकटवणं ही जुळणी. ठरलेलं रूप मोडून वेगळं उभं करणं ही फेरघडण. बाकी शब्द कारागिरांकडे तयार आहेत. साच्याची रेघ कानशीने घासायची. मानेत हातगिरमिटाने बारीक भोक पाडून पितळी तारेची खुंटी बसवायची, म्हणजे धातूचं जड डोकं नुसत्या सुपरग्लूवर लटकत राहत नाही. सांध्यातली फट लांबीने भरायची. फर्निचरवाले ज्याला लांबी भरणं म्हणतात तेच काम इथे निळी आणि पिवळी पट्टी मळून होणारी हिरवी पुट्टी करते. मळली की तासा-दीड तासात आकार देऊन मोकळं व्हा, नंतर ती ऐकत नाही. प्रायमरला ‘अस्तर’ आहेच.

दुसरं मत :
फेरघडण मला पटत नाही. घडण म्हटलं की सोनार आठवतो, आणि सोनार जुना दागिना वितळवतो. इथे काहीच वितळत नाही. नामाचा हट्ट कशाला? ‘याचं डोकं बदललंय, डावा हात दुसऱ्याचा आहे, कोट पुट्टीचा चढवलाय’ असं क्रियापदांनी सांगितलं तर समोरच्याला नेमकं काय केलंय तेही कळतं. ‘कन्व्हर्ट केलंय’ यातून तेवढं कळत नाही.

व्हर्डिग्रिसबद्दल :
कळंक! पितळेच्या भांड्याची कल्हई गेली की ताक कळकतं, तोच हा कळंक. घराघरात होता हा शब्द, स्टीलची भांडी आली तसा मागे पडला. वाफेच्या यंत्रांच्या निमित्ताने परत आला तर मला मनापासून आनंद होईल.

रंगवणाऱ्याला त्याचा उपयोगही आहे. गंज लोखंडाला चढतो, कळंक तांब्या-पितळेला. हा भेद डोक्यात पक्का असेल तर पोलादी बॉयलरवर हिरवा रंग जाणारच नाही, आणि अशी बॉयलरं मी खूप पाहिली आहेत. पितळ करताना खाली गडद तपकिरी, वर पितळी रंग, मग तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग. वॉश सुकला की कडांवर पुन्हा थोडा उजळ पितळी. कळंकासाठी मोरपिशीत पांढरा मिसळून भरपूर पातळ करा आणि तो फक्त रिव्हेटांभोवती आणि नळ्यांच्या सांध्यांत सोडा, जिथे पाणी साचून राहतं. दातेरी चाकांना वंगण लागतं, तिथे कळंक नको, काळपट तेलाचा डाग हवा. वाफ गळते त्या सांध्याखाली क्षाराचा पांढरा ओघळ काढा. एवढं केलं की यंत्र चालतं असं वाटायला लागतं.

खाकीची भर घालतो :
आपल्या डोळ्यांपुढे खाकी म्हटलं की पोलिसांचा गणवेश येतो. व्हिक्टोरियन शिपायाला तो एकच पक्का रंग देऊ नका. मूळ फारसी ‘खाक’ म्हणजे धूळ, माती. मराठीत तर ‘जळून खाक’मध्ये ती राखच होते. पेशावरला १८४६मध्ये हॅरी लम्सडेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने गाइड्सची पलटण उभारली, तिच्यापासून हा रंग ब्रिटिश फौजेत शिरला. १८५७मध्ये काही गोऱ्या पलटणींनी पांढरे कपडे हाती लागेल त्यात बुडवून मळकट करून घेतले. १८७९च्या झुलू युद्धात पांढरी हेल्मेटं चहाच्या पाण्याने रंगवली. म्हणजे एकाच तुकडीत राखाडी, पिवळट, तपकिरी अशा छटा शेजारी-शेजारी असणं हेच खरं. मी एकाच खाकीत कधी पांढरा, कधी तपकिरी थेंब टाकून दोन-तीन वाट्या करतो आणि शिपाई त्यांत वाटून टाकतो.

लाल कोट हवेच असतील तर काळ जपा. ते घालून ब्रिटिश पायदळ शेवटचं लढलं ते सुदानमध्ये गिनिसला, ३० डिसेंबर १८८५ रोजी. मंगळावरची मोहीम काल्पनिकच आहे, तिथे लाल चालेल. पण मग धूळही मंगळाची द्या. बूट आणि पँटच्या टोकांवर तांबूस रंगाचा कोरडा ब्रश फिरला नाही तर शिपाई कालच इंग्लंडहून उतरल्यासारखा दिसतो.

मूळ विचारणारा :
चित्रं, अस्तर, लांबी, खुंटी आणि कळंक आजपासून वापरात. फेरघडणीचं भाचीवर सोडतो. डोळ्यांसाठी गणपतीच्या कारखान्यातला ‘आखणी’ तिला आधीच ठाऊक होता. या मापात डोळ्याचा पांढरा भाग काढायला जाल तर चेहरा दचकलेला दिसतो, गडद रेघेची आखणी पुरते, हे तिला त्या शब्दामुळे पटकन समजलं.

आता मंगळवासीयांच्या ट्रायपॉडचं सांगा. एच. जी. वेल्सच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या १८९८च्या कादंबरीतलं ते उंच, तीन पायांचं यंत्र. मी ‘त्रिपाद’ म्हणतो, ती ‘तिपाई’ म्हणते. तिपाई ऐकलं की मला दिवाणखान्यातलं चहाचं टेबल दिसतं.

प्रतिसाद :
भाचीचं ऐका. वेल्सच्या निवेदकाला ते यंत्र पहिल्यांदा धावताना दिसतं तेव्हा त्यालाही दूध काढायच्या तिपाईचीच उपमा सुचते. तिरकी केलेली, जमिनीवरून भिरकावलेली तिपाई. म्हणून तुमचंही यंत्र तिन्ही पाय टेकवून सरळ उभं करू नका. एक पाय गुडघ्यात कापा, खुंटी घालून उचललेला बसवा आणि धड पुढे झुकवा. तळाच्या चकतीखाली एखादा वॉशर चिकटवा, नाहीतर कलंडेल.