म्हाताऱ्या लॅब्रॅडोर कुत्र्यासाठी घरचं खाणं: काय शिजवता, किती देता?

काळ्याचा बाबा:
आमचा काळ्या लॅब आहे, 12 वर्षांचा, वजन 30 किलो. हल्ली पाकिटातलं कोरडं खाणं तोंडात घेतो, एका बाजूने चावल्यासारखं करतो आणि अर्धं फरशीवर टाकतो. चिकन-भात दिला की वाटी चाटूनपुसून साफ. मागच्या पायांचं मांस उतरलंय, मांडीवर हात फिरवला की हाड लागतं. म्हणून पूर्ण घरचंच सुरू करावं म्हणतोय. अटी दोनच, पाकिटावर जातो त्यापेक्षा खर्च वाढवायचा नाही आणि रोज अर्ध्या तासाच्या वर स्वयंपाकघरात उभं राहणं जमणार नाही. कोण काय करतं सांगा.

भुभुमाय:
आधी डीप फ्रीजर घ्या. मी घेतलाय, फक्त आमच्या दोघींच्या खाण्यासाठी (दुसरी म्हणजे आमची बीगल). रविवारी सगळं शिजवायचं, डबे भरायचे, आठवडाभर बघायला नको. खिमा करायचं मशीन पण घेऊन टाका, हाताने बारीक करत बसलात तर कंटाळाल.

काळ्याचा बाबा:
ताई, बजेट वर लिहिलंय.

जुनाजाणता:
चिकन-बिकन बंद करा. वय झालं की प्रोटीन कमी करायचं असतं, किडनीवर लोड येतो. आमच्याकडे चार पिढ्या कुत्री आहेत, म्हाताऱ्यांना आम्ही भात-भाजीच देतो. आणि कांदा-लसूण चुकूनही नको.

वजनकाटा:
@जुनाजाणता काका, हे जुनं झालं. किडनी ठणठणीत असेल तर म्हाताऱ्या कुत्र्याला प्रोटीन कमी नाही, उलट चांगलं भरपूर लागतं, नाहीतर मांस अजून उतरतं, आणि इथे नेमकं तेच चाललंय. किडनी बिघडलेली असेल तर आधी फॉस्फरस सांभाळायचा आणि तेव्हाचा डाएट डॉक्टरच ठरवतात. त्यामुळे पहिल्यांदा रक्त तपासा, क्रिएटिनिन आणि एसडीएमए (दोन्हींवरून किडनी कशी चालते ते कळतं).
बाकी रोजच्या कॅलरींचा हिशोब असा: किलोतल्या वजनाचा 0.75 घात गुणिले 70. 30 किलोला साधारण 900 कॅलरी येतात, थोडं चालणं-फिरणं धरून 1100 ते 1250. नुसता चिकन-भात या आकड्यापर्यंत जाईल हो, पण कॅल्शियम जवळजवळ शून्य. बोनलेस मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. अंड्याचं कवच उकळून, वाळवून मिक्सरला एकदम पिठासारखं करा, छोट्या सपाट चमचात जवळपास 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. त्याला रोज अर्धा-पाऊण चमचा. तरी झिंक, आयोडीन, व्हिटॅमिन डी आणि ई राहतातच. 2013 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसच्या लोकांनी घरच्या खाण्याच्या 200 रेसिपी तपासल्या, 95 टक्क्यांमध्ये किमान एक तरी गोष्ट कमी निघाली. त्यात डॉक्टरांनी लिहिलेल्या पण होत्या.

भुभुमाय:
आमची बीगल कवच-बिवच न खाता छान आहे.

वजनकाटा:
कमतरता दिसायला वेळ लागतो ताई.

टॉमीकाका:
लसूण थोडा चालतो, किडे पडत नाहीत. आम्ही देतो.

जुनाजाणता:
टॉमीकाका, अहो वर लिहिलंय ना नको म्हणून. लाल पेशी फुटतात त्याने. तुमचा सुदैवाने वाचला.

फिशऑइल फॅन:
सांध्यांसाठी सालमनचं तेल घ्या, महाग आहे पण आमचा शेफर्ड परत जिना चढायला लागला. फक्त कॉड लिव्हर ऑइल नको, त्यात व्हिटॅमिन ए आणि डी असतं, जास्त झालं तर बाधतं. दुकानात दोन्ही बाटल्या शेजारी ठेवतात, लेबल बघून घ्या. डोस डॉक्टरांना विचारा.

रेवती७:
चरबी जपून हं. भावाच्या पॉमेरेनियनला पाहुण्यांनी मटणाच्या चरबीचे तुकडे प्रेमाने भरवले, रात्री उलट्या, पाठ वाकवून उभा, पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाला सूज) निघाला. सलाईन लावायला लागली. आणि शिजवलेली हाडं पण नकोत, ती फुटून टोकदार होतात. कांदा-लसूण, द्राक्षं, मनुके, चॉकलेट नको हे वर कुणीतरी लिहिलंच आहे.

जुनाजाणता:
अर्धंच लिहिलंय. मनुके मी नव्हते लिहिले.

दातकोरणं:
सगळे काय शिजवायचं ते सांगताय. तो खाणं तोंडात घेऊन टाकतो आणि एका बाजूने चावतो, त्याच्या दाढा कुणी बघितल्या का? ओठ वर करून मागच्या दाढा बघा, हिरडीच्या कडेला लाल रेघ आणि घाण वास असेल तर दुखतंय त्याला. डॉक्टरांना दाखवा आणि तोवर डबाबंद ओलं खाणं द्या.

भुभुमाय:
दात पण बघा हो एकदा. फ्रीजरचं मॉडेल हवं असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

काळ्याचा बाबा:
अपडेट. दातकोरणं बरोबर होते, मागची एक दाढ हलतेय आणि हिरडी सुजलीय. भूल द्यायची म्हणून रक्त तपासलं, किडनी ठीक आहे. दाढ पुढच्या आठवड्यात काढणार. खाण्याचं म्हणाल तर घरचं करत नाही आणि डबाबंद पण नाही. तेच जुनं पाकीट, कोमट पाण्यात भिजवून मऊ केलं की वास सुटतो आणि तो खातोय. वर एक उकडलेलं अंडं. वरचं देणं एकूण कॅलरीच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा असं डॉक्टर म्हणाले, अंड्याच्या साधारण 70 होतात, म्हणजे बसतं.

भुभुमाय:
एवढं सगळ्यांनी लिहिलं आणि शेवटी पाकीटच?? मांस भरणार कसं त्याचं?

वजनकाटा:
पाकीट पूर्ण आहाराचं असेल तर भरेल, खायला लागला ना तो. दर पंधरा दिवसांनी वजन करा, आणि भिजवलेलं तासन्‌तास वाटीत ठेवू नका, आंबतं. अंड्याचं कवच मात्र आता नको, पाकिटात कॅल्शियम आधीच आहे.

काळ्याचा बाबा:
कवचं मिक्सरमधून काढून झाली होती, बरणीभर.

टॉमीकाका:
मला पाठवा, आमच्याकडे चालेल.

वजनकाटा:
टॉमीकाका तुम्ही आधी लसूण बंद करा.