स्कॉटलंडला डिस्टिलरी बघायला जायचंय, गाडीचं काय करावं? (सल्ला हवा)

पाथर्डी_फाटा

नमस्कार मंडळी,

पुढच्या वर्षी दादाची साठी आहे. शांत घरी होईलच, पण भेट म्हणून त्याला स्कॉटलंडच्या व्हिस्की डिस्टिलरी दाखवायच्या, असं आम्ही भावंडांनी ठरवलंय. सिंहस्थाची गर्दी सुरू झाली की नाशिकमधून कुणाला हलता येणार नाही, म्हणून त्याआधीच जायचं आहे.

दादाला सिंगल माल्टची (एकाच डिस्टिलरीत बार्लीपासून केलेल्या व्हिस्कीची) मनापासून आवड आहे. पितो थोडंच. वास घेण्यात आणि बाटलीवरचं वाचण्यात जास्त रमतो. बार्लीला मोड कसे आणतात, पीटचा (दलदलीतल्या जळाऊ मातीचा) धूर त्यात कसा उतरतो, पिंप कुठल्या लाकडाचं असतं, हे त्याला प्रत्यक्ष बघायचंय.

आम्ही सहा जण आहोत: दादा-वहिनी, मी आणि बायको, धाकटी बहीण आणि मेहुणे. वहिनी घेत नाही, पण ती गाडीही चालवत नाही. बहीणही घेत नाही, नाशिक-मुंबई सहज चालवते. तरी परक्या मुलखात आठवडाभर सगळ्यांना फिरवायचं काम तिच्यावर टाकणं मला पटत नाही.

इकडे पाहुणे आले की गंगापूर-सावरगाव रस्त्यावरच्या वायनरी दाखवायला आपण ड्रायव्हर सांगतो आणि निर्धास्त होतो. तिकडे ही सोय कशी करायची? स्पेसाइड (स्पे नदीचं खोरं) करावं की आयला (पश्चिमेकडचं बेट)? मे की सप्टेंबर? जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहा.

गोदाकाठ_ते_ॲबरडीन

मूळचा पंचवटीचा, आता बरीच वर्षं ॲबरडीनला आहे. तुम्ही गाडीचा प्रश्न आधी विचारलात हे फार बरं केलंत. बहुतेक जण डिस्टिलऱ्यांची यादी घेऊन येतात आणि गाडीचं शेवटी बघतात. क्रम उलटा हवा.

कायदा आधी सांगतो. डिसेंबर २०१४ पासून स्कॉटलंडची मर्यादा १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल अशी आहे. इंग्लंडात ती ८० आहे, त्यामुळे लंडनच्या मित्राने दिलेला सल्ला इथे लागू होत नाही. पकडलं गेलं तर किमान १२ महिने ब्रिटनमध्ये गाडी चालवायला बंदी येते आणि गुन्ह्याची नोंद होते, जी पुढच्या व्हिसाच्या अर्जात लिहावी लागते. टूरमध्ये साधारण तीन-चार नमुने देतात. दिवसात दोन टूर केल्या तर हिशेब तुम्हीच करा.

माझं मत असं: आयला राहू द्या, पहिल्या खेपेला स्पेसाइड करा. पन्नासच्या आसपास डिस्टिलऱ्या एका खोऱ्यात आहेत आणि गावं एकमेकांना चिकटून आहेत. मुक्काम डफटाउन, क्रेगेलाखी किंवा ॲबरलूरला करा. रोज हॉटेल बदलू नका. एकाच गावात राहिलात की संध्याकाळी गाडीची गरजच उरत नाही.

डफटाउनच्या चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून ग्लेनफिडिक पायी गाठता येते. विल्यम ग्रँटने १८८६ मध्ये ती बांधायला घेतली आणि १८८७ च्या नाताळच्या दिवशी पहिली धार काढली. बाल्व्हेनी अगदी शेजारी आहे, पण तिथे जागा कमी असतात, आधी बुकिंग लागतं. क्रेगेलाखी ते ॲबरलूर जुन्या रेल्वेमार्गावरून नदीकाठाने पायवाट आहे, सपाट आणि सुंदर. दादांचे गुडघे ठीक असतील तर गाडी न घेता अख्खा दिवस तिथे जातो.

एल्गिन ते डफटाउन ३६ नंबरची बस रोथेस, ॲबरलूर, क्रेगेलाखी करत जाते. रविवारी मात्र बसच्या भरवशावर राहू नका. आणि ट्रेनने कीथला उतरलात तर स्टेशनपासून 'स्ट्रॅथआयला' डिस्टिलरीपर्यंत चालत जाता येते. १७८६ ची डिस्टिलरी आहे, दगडी इमारत, जोड मनोऱ्यांची. दादांना ती चुकवू नका.

घाटरस्ता

मी थोडं वेगळं सांगतो. सेल्फ ड्राइव्हच करा. आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, भारतीय लायसन्स पर्यटकाला वर्षभर चालतं, रस्ते उत्तम आहेत. स्वातंत्र्य मिळतं, वाटेत हवं तिथे थांबता येतं. एकाने एखादा घोट घेऊन चालवलं तरी ५० च्या आतच राहतं की.

गोदाकाठ_ते_ॲबरडीन

@घाटरस्ता, सेल्फ ड्राइव्हला विरोध नाही, शेवटच्या वाक्याला आहे. २५ मिली, ४० टक्क्यांची व्हिस्की म्हणजे इथल्या मोजमापाने एक युनिट. शरीरातून ती जायला ढोबळमानाने तासभर लागतो, पण वजन, वय, रिकामं पोट, औषधं यांनी ते बदलतं. शिवाय डिस्टिलरीत थेट पिंपातली देतात तेव्हा ती ५५-६० टक्क्यांची असू शकते. 'किती घेतलं तर चालेल' हा हिशेब पेला हातात घेऊन कुणालाच जमत नाही. चालवणाऱ्याने शून्य. रात्री उशिरापर्यंत घेतली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळीही चावी घेऊ नये.

चालवणाऱ्यासाठी सोय आहे, ती इथे फार कमी जण मागतात. टूर सुरू होतानाच 'मी ड्रायव्हर आहे' असं सांगा. बऱ्याच ठिकाणी त्याच्या वाट्याचे नमुने छोट्या बाटल्यांत भरून देतात. 'ड्रायव्हर्स ड्रॅम' म्हणतात त्याला. मुक्कामी पोचल्यावर निवांत घ्या.

रानजाई

बाकीचे व्हिस्कीवर लिहितील, मी न घेणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. नवऱ्याबरोबर गेले होते आणि चालवायला मीच होते, तेव्हा मनापासून सांगते: बहिणीवर आठवडा टाकायचा नाही हा तुमचा विचार सोडू नका. 'ती घेत नाही, मग तीच चालवेल' हे आपल्या घरांत न विचारताच ठरतं. तिकडचे आतले रस्ते एकपदरी आहेत, समोरून गाडी आली की ठरावीक जागी बाजूला होऊन वाट द्यावी लागते. मेंढ्या, पाऊस, वळणं. चालवणाऱ्याला नदी दिसत नाही की डोंगर.

दोन दिवस तिला हौसेने चालवू दे, तेही डिस्टिलरी नसलेल्या दिवशी. उरलेले दिवस मिनीबस ड्रायव्हरसकट घ्या. सहा माणसांत खर्च वाटला की प्रत्येकाला झेपतो.

आणि वहिनींना फक्त पेल्यांच्या रांगेसमोर बसवू नका. क्रेगेलाखीला स्पेसाइड कूपरेज आहे, तिथे कारागीर जुनी ओकची पिंपं सोलून, ठोकून, आतून जाळून पुन्हा उभी करतात, आणि आपण वरच्या गॅलरीतून बघतो. खिळा नाही, डिंक नाही, नुसत्या पट्ट्या आणि लोखंडी कडी. मला सगळ्या सहलीत ते सर्वांत आवडलं. ॲबरलूर हे वॉकर्सच्या शॉर्टब्रेडचं गाव, १८९८ पासूनचं, चहाबरोबर न्यायला तिथूनच घ्या. डिस्टिलरीच्या टूरलाही न घेणाऱ्यांनी जरूर जावं. आंबवण्याच्या लाकडी टाक्यांवर वाकून पाहिलं की नाकाला झिणझिण्या येतात, तांब्याची भांडी तर बघतच राहावीत अशी.

सातपूर_टुरिस्ट

मी नाशकात टुरिस्ट गाडी चालवतो. परदेशातलं इथली मंडळी सांगतीलच, ड्रायव्हरच्या बाजूने चार गोष्टी सांगतो, त्या कुठेही लागू पडतील.

गाडी ठरवताना फक्त जायचं ठिकाण सांगू नका. किती थांबे, प्रत्येक ठिकाणी किती वेळ, परत कधी, हे सगळं लिहून द्या. थांबण्याचे पैसे वेगळे आहेत का ते आधीच विचारा. ड्रायव्हरच्या जेवणाचं बघा. आणि कृपा करून त्याला 'एक घे रे, काही होत नाही' असा आग्रह करू नका. आमच्याकडे पाहुणे प्रेमानेच म्हणतात, पण लायसन्स आमचं आणि जीव सगळ्यांचा. आपल्याकडे मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच वेळी १० हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

मुंबईची मंडळी स्वतःची गाडी घेऊन वायनरीला येतात आणि संध्याकाळी कसारा घाट उतरायला निघतात, ते बघवत नाही. मी दिसेल त्याला सांगतो, मुक्काम करा, सकाळी जा.

आणि दादांना जाण्याआधी एक दिवस इकडेच फिरवा. वाइन आणि व्हिस्की वेगळी, पण टाकी, पिंप, तळघरातला गारवा याची ओळख होते. दिंडोरीला माल्ट व्हिस्कीही बनते, लॉन्जिट्यूड ७७ तिथलीच. वाइनला २१ आणि व्हिस्कीला २५ वर्षं वय लागतं आपल्या राज्यात, घरातली तरुण मंडळी बरोबर असतील तर लक्षात असू द्या.

पीटचा_धूर

दादांना पीटचा धूर बघायचाय म्हणता, आणि सगळे स्पेसाइडला पाठवताहेत! स्पेसाइडच्या बहुतेक व्हिस्की मऊ, फळांच्या वासाच्या असतात. धुरासाठी आयलाच.

आणि सुरक्षिततेच्या बाबतीत आयला अजिबात मागे नाही. पोर्ट एलन गावापासून लाफ्रॉइग, लागाव्हुलिन आणि आर्डबेग या तिन्ही डिस्टिलऱ्या एका रस्त्यावर आहेत आणि त्या रस्त्याच्या कडेने खास पायवाट बांधलेली आहे, एकूण साधारण पाच किलोमीटर. सकाळी टॅक्सीने आर्डबेगला जायचं आणि समुद्राच्या कडेने चालत गावात परतायचं. गाडीच नाही, तर चालवणार कोण हा प्रश्नच नाही.

ग्लासगोहून बस केनाक्रेगच्या बोटीच्या धक्क्यावर सोडते, पुढे बोटीने दोन तासांहून थोडं अधिक. वाऱ्यामुळे बोट रद्द होऊ शकते, त्यामुळे आयलाहून परत आल्या दिवशीच विमान पकडायचं असं नियोजन कधीही करू नका. मध्ये एक मोकळा दिवस हवाच.

पाथर्डी_फाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. रानजाईताई, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला. बहीण म्हणाली, दोन दिवस मी चालवीन, तेही समुद्राकाठच्या रस्त्याने.

सध्या असा विचार आहे: आधी स्पेसाइड, मुक्काम क्रेगेलाखीला, डिस्टिलरीच्या दिवशी ड्रायव्हरसह मिनीबस. दिवसाला एक मोठी टूर आणि जमलंच तर एक छोटी भेट, त्याहून जास्त नाही. शेवटी दादासाठी आयला, तिथे पायीच. महिना आणि बाटल्या आणण्याचं कुणी सांगेल का?

गोदाकाठ_ते_ॲबरडीन

सप्टेंबर. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला स्पेसाइडचा व्हिस्की महोत्सव असतो, वातावरण छान असतं पण खोल्या आणि टॅक्सी दोन्ही मिळत नाहीत. उन्हाळ्यात काही डिस्टिलऱ्या दुरुस्तीसाठी उत्पादन थांबवतात, दादांना भट्टी चालू बघायची असेल तर बुकिंग करताना विचारून घ्या. मिनीबसही त्याच दिवशी ठरवा. ॲप उघडलं की पाच मिनिटांत गाडी, हे त्या खोऱ्यात होत नाही, गावातल्या एक-दोन टॅक्सी संध्याकाळी आधीच ठरलेल्या असतात.

पीटचा_धूर

बाटल्यांचं: भारतात माणशी दोन लिटर ड्युटीशिवाय. त्याहून जास्त आणलं तर जबर कर लागतो, त्यामुळे सहा जणांत वाटून आणा. मोठ्या बॅगेत ठेवताना ७० टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असलेली बाटली विमान कंपन्या घेत नाहीत, २४ ते ७० टक्क्यांची माणशी पाच लिटरपर्यंत चालते. बाटली मोज्यात घालून कपड्यांच्या मधोमध ठेवा. ड्रायव्हर्स ड्रॅमच्या छोट्या बाटल्यांचं झाकण मात्र साधं असतं, त्या मुक्कामीच संपवलेल्या बऱ्या.