वायफाय जोडलं आणि सेन्सर गप्प
मंडळी, गच्चीवरच्या कुंड्यांसाठी ईएसपी३२ ला (वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड) मातीचा ओलावा मोजायचा सेन्सर लावलाय, महिनाभर मस्त चालला, काल मोबाईलवर आकडे दिसावेत म्हणून वायफायचा कोड टाकला आणि तेव्हापासून रीडिंगच येईना, वायर बदलली, नवा सेन्सर आणला, तरी तेच. पिन ४ वर आहे. प्लीज सांगा, टोमॅटो सुकतायत.

उत्तर १: आधी सप्लाय बघ, वायफाय लागताना करंट एकदम वाढतो, केबल हलकी असली की बोर्ड रीसेट होतो.

प्रश्नकर्ता: रीसेट नाही होत दादा, बाकी सगळं चालू आहे.

उत्तर २: मग पिनच चुकलीये. बोर्डात सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणारे दोन भाग असतात, एडीसी१ आणि एडीसी२. ४ नंबर एडीसी२ मध्ये येते, आणि वायफाय चालू असताना एडीसी२ वरून रीडिंग मिळत नाही. वायर ३४ वर घे, ती एडीसी१ ची आहे, कोडमध्येही नंबर बदल.

प्रश्नकर्ता: आले आकडे! खूप आभार दादा.