'नो एंड इन साइट': चूक कारभाराची की निर्णयाचीच?

मूळ मांडणी
चार्ल्स फर्ग्युसन यांच्या २००७ च्या या माहितीपटाचा रोख इराकवर चढाई करावी की नाही यापेक्षा बगदाद पडल्यावर अमेरिकी प्रशासनाने काय केले, यावर आहे. माझ्या मते हेच त्याचे बळ आहे. एप्रिल २००३ मध्ये राष्ट्रीय संग्रहालय लुटले जात असताना तेल मंत्रालयाभोवती मात्र अमेरिकी सैनिकांचा पहारा होता. पुढच्याच महिन्यात इराकमधल्या अमेरिकी प्रशासनाचे प्रमुख पॉल ब्रेमर यांनी सद्दाम हुसेन यांच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळीला सरकारी नोकरीतून बाद केले आणि २३ मे रोजी इराकी सैन्य बरखास्त केले. अमेरिकी लष्कराचे कर्नल पॉल ह्यूज त्याच सुमारास इराकी अधिकाऱ्यांशी बोलणी करून सैनिकांच्या याद्या जमवत होते. त्यांना कोणी विश्वासातच घेतले नाही. शस्त्र चालवता येणारे लाखो पुरुष एका फर्मानाने बेकार झाले, आणि बंडखोरीला माणसे मिळाली.

विरोधी मत
पडद्यावर बोलतात कोण? ब्रेमर यांच्याआधी इराकचा कारभार पाहणारे गार्नर, परराष्ट्र खात्यातले आर्मिटेज आणि विल्करसन, म्हणजे प्रशासनातल्या रस्सीखेचीत हरलेली मंडळी. तेव्हाचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड, उपराष्ट्राध्यक्ष चेनी आणि ब्रेमर यांनी मुलाखती दिल्या नाहीत, त्यामुळे त्यांची बाजू त्यांच्या तोंडून येत नाही. शिवाय सैन्य आधीच विखुरले होते आणि बराकी ओस पडल्या होत्या, या ब्रेमर यांच्या युक्तिवादात अगदीच तथ्य नाही असे नाही. खरी अडचण वेगळीच आहे: कारभारी हुशार असते तर सगळे सुरळीत झाले असते, असा समज हा माहितीपट करून देतो. सुरक्षा परिषदेची स्पष्ट संमती नसताना, कधीच न सापडलेल्या महासंहारक शस्त्रांच्या नावाखाली केलेली चढाई त्यातून अलगद निसटते.

मूळ लेखकाचे उत्तर
बराकी ओस होत्या, पण माणसे घरीच होती आणि पगार मागत होती. जून २००३ मध्ये बगदादेत माजी सैनिकांच्या निदर्शनावर गोळीबार होऊन दोघे मरण पावले, आणि त्यानंतर काही दिवसांतच मासिक भत्ता जाहीर झाला. जे जूनमध्ये जमले, ते मेमध्ये का जमू नये? युद्धानंतरचा कारभार पाहणारे गार्नर यांचे कार्यालय तर युद्धाच्या जेमतेम दोन महिने आधी उभे राहिले. याला गाफीलपणाच म्हणावे लागेल.

विरोधी मत
गाफीलपणा म्हणू नका, ती गरज होती. इराक ताब्यात ठेवण्यासाठी काही लाख सैनिक लागतील असे अमेरिकी लष्करप्रमुख जनरल शिन्सेकी यांनी फेब्रुवारी २००३ मध्ये सिनेटसमोर सांगितले, तेव्हा संरक्षण उपमंत्री वुल्फोविट्झ यांनी तो अंदाज जाहीरपणे उडवून लावला. तो आकडा मान्य केला असता तर स्वस्तातले, झटपट युद्ध म्हणून ही चढाई लोकांच्या गळी उतरवणे अवघड झाले असते.